मलेरियाच्या गोळीची भीती : किती खरी, किती खोटी?

"डॉक्टर, ही गोळी गरम पडते म्हणतात. पोराला अर्धीच देऊ का?"

श्रावण सरू लागला की हा प्रश्न आमच्या दवाखान्यात दिवसातून दोन-चारदा तरी ऐकू येतो. विचारणारी कधी रोज लोकलने मुंबईला जाणारी नेरळची नोकरदार बाई असते, कधी खोपोलीच्या कारखान्यातला कामगार, तर कधी बेणणी अर्धी टाकून आलेला वाडीवरचा बाप. गाव कोणतेही असो, भीती तीच. मलेरियाचे औषध कडक, ते डोके फिरवते, पोट जाळते, रक्त आटवते असा समज घरोघरी आहे. ही भीती पूर्णपणे खोटी नाही, तशीच ती सगळी खरीही नाही. खरे काय आणि खोटे काय हे वाचकांपुढे नीट मांडावे, म्हणून आजचा लेख.

आपल्या कर्जत-खालापूर भागाला हिवताप नवा नाही. डोंगरउतारावरचे ओढे, भातखाचरे, पावसाळा संपताना मागे राहणारी डबकी हे सारे पूर्वीपासून आहे. त्यात आता इमारतींच्या बांधकामावरच्या उघड्या टाक्या आणि महिनोन्‌महिने बंद असलेल्या फार्महाउसमधले साचलेले पाणी यांची भर पडली आहे. शिवाय रोज हजारो माणसे मुंबईला जाऊन येतात. त्यांच्यातला कोणी तिथून हिवतापाचे जंतू रक्तात घेऊन आला, तर इथल्या डासाला ते पुरते. तेव्हा ही गोळी आज ना उद्या आपल्याही घरात येऊ शकते असे समजूनच वाचा.

आधी रक्त, मग गोळी

मी नव्याने डॉक्टर झालो तेव्हा, म्हणजे १९९०च्या दशकात, पद्धत अशी होती की ताप दिसला की आरोग्यसेवक बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि लगेच क्लोरोक्विनच्या चार गोळ्या हातावर ठेवायचा. याला सरकारी भाषेत 'गृहीतोपचार' म्हणत. काचपट्टीचा अहवाल यायला कधी आठवडा लागे, कधी त्याहून जास्त. तोवर थांबणे परवडणारे नव्हते. १९७६ साली देशात हिवतापाचे ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले होते, त्याची धास्ती होतीच.

आज ती गरज उरलेली नाही. बोटाच्या एका थेंबावर वीस मिनिटांत निकाल देणारी पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुष्कळ गावांत आशाताईंकडेही असते. ही चाचणी महत्त्वाची आहे, कारण हिवतापाचे आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार आहेत आणि दोघांचे औषध वेगळे आहे. पहिला व्हायव्हॅक्स. त्याला क्लोरोक्विन तीन दिवस, मोठ्या माणसाला चार, चार आणि दोन अशा गोळ्या, आणि सोबत प्रायमाक्विन १४ दिवस. दुसरा फॅल्सिपेरम. मेंदूचा मलेरिया म्हणतात तो बहुतेक याचाच. त्याला आर्टेमिसिनिन गटातल्या औषधाची जोडगोळी तीन दिवस, आणि प्रायमाक्विनचा एकच डोस. लहान मुलांना सारे वजन-वयाप्रमाणे.

रक्त न तपासता "थंडी वाजली म्हणजे मलेरियाच" असे धरून दुकानातून गोळ्या आणणाऱ्याला दुहेरी तोटा होतो. औषधाचा त्रास होतो तो होतोच, आणि डेंग्यू, लेप्टो किंवा टायफॉइड असला तर तो आत वाढत राहतो.

नेहमीचे त्रास

आता त्रासांकडे वळू. क्लोरोक्विन अतिशय कडू आहे. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, उलटी होते, पोटात कळ येते. काहींचे डोके दुखते, गरगरते, काहींना एक-दोन दिवस धूसर दिसते. काहींच्या सर्वांगाला खाज सुटते. अंगावर पुरळ दिसत नाही, पण तळहात-तळपाय खाजून रुग्ण हैराण होतो. हे सारे आपोआप थांबते. याला "गरम पडली" म्हणून गोळी अर्धी करू नये. अर्ध्या गोळीने जंतू अर्धे मरतात, उरलेले मात्र पुन्हा वाढतात.

गोळी जेवणानंतर घ्यावी; भात, भाकरी, पेज, काहीही चालेल. पित्ताचे पांढरे औषध लगेच वरून घेऊ नये, त्याने गोळी पोटातून रक्तात नीट उतरत नाही. दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवावे. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर ती पोटात गेली असे धरू नये. डॉक्टरांना किंवा आशाताईला सांगून पुन्हा घ्यावी.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक आईला बजावून सांगतो. क्लोरोक्विनचा योग्य डोस सुरक्षित आहे, पण योग्य आणि घातक डोस यांत अंतर फार थोडे आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाने उरलेल्या मोजक्या गोळ्या गोड समजून गिळल्या तरी हृदयाचे ठोके थांबू शकतात. तेव्हा गोळ्यांचे पाकीट फडताळात वरच्या कप्प्यात ठेवा. मिठाच्या बरणीशेजारी नको, उशाखाली नको.

माझ्या हातून झालेली चूक

आता ज्या गोळीबद्दल खरोखर काळजी घ्यायला हवी तिच्याकडे येतो. तिचे नाव प्रायमाक्विन. दिसायला लहान, पण काम मोठे. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते, यकृतातल्यांना हात लावत नाही. ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात आणि तोच ताप पुन्हा येतो. या झोपलेल्या जंतूंना मारते ती प्रायमाक्विन. पूर्वी ती पाच दिवस देत, आता १४ दिवस देतात.

२०१४च्या ऑगस्टमधली गोष्ट. कशेळ्याच्या पुढच्या एका ठाकूरवाडीवरचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तापाने फणफणत आला. रक्तात व्हायव्हॅक्स निघाला. मी गोळ्या दिल्या आणि नेहमीप्रमाणे दम भरला, "चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. मध्येच बंद करायची नाही. काही झालं तरी."

पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याची आई त्याला कोणाच्या तरी मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आली. पोरगा कागदासारखा पांढरा, डोळे पिवळे, दोन पावले चालला तरी धाप. आई म्हणाली, "डाक्टर, परवापासून लघवी काळी होते. कोऱ्या चहासारखी. मी म्हटलं गोळी नको घेऊ. तो म्हणतो, डाक्टरांनी सांगितलंय, काही झालं तरी बंद करायची नाही."

त्या वाक्याने माझे हातपाय गार पडले. माझाच शब्द पाळून पोरगा दोन दिवस जास्तीचे विष गिळत होता. त्याच रात्री त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले. हिमोग्लोबिन पाचावर आले होते. रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या. आठवड्याने तो घरी आला, जिवावरचे पायावर निभावले.

हे का झाले? आपल्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचा एक पाचकद्रव्यासारखा घटक असतो. तो पेशींना काही औषधांच्या माऱ्यापासून वाचवतो. काही माणसांत तो जन्मतःच कमी असतो. एरवी त्यांना काही होत नाही. शेती करतात, ओझी वाहतात, म्हातारे होतात. पण प्रायमाक्विन पोटात गेली की दोन-तीन दिवसांत त्यांच्या पेशी फुटू लागतात. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो, डोळे पिवळे होतात, रक्त झपाट्याने कमी होते. हा दोष नेमका काय ते १९५६ साली अमेरिकेत शिकागोच्या संशोधकांनी प्रथम शोधून काढले, तेही प्रायमाक्विनचा अभ्यास करतानाच. आपल्या देशात पारशी समाजात हा दोष बराच आढळतो हे मुंबईच्या डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. देशातल्या अनेक आदिवासी जमातींतही त्याचे प्रमाण जास्त आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथेच हा दोष जास्त दिसतो, कारण अशा पेशींत हिवतापाचे जंतू नीट वाढत नाहीत. एके काळी ज्याने या लोकांना तारले, तेच आज औषधाच्या वेळी आड येते.

हा दोष आईकडून मुलाला येतो. आईला स्वतःला बहुधा त्रास नसतो. तिच्या मुलग्यांना होतो, तिच्या भावांना होतो. म्हणून विचारायचे ते आजोळाबद्दल. त्या मुलाच्या आईला मी नंतर विचारले, तेव्हा ती सहज म्हणाली, "माझा भाऊ लहानपणी तापाच्या गोळ्यांनी असाच पिवळा झाला होता." हेच मी पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. एक मिनिटाचे काम होते.

या दोषाची रक्ततपासणी होते. मात्र आपल्याकडे सगळीकडे ती गोळी देण्याआधी होत नाही. आणि पेशी फुटत असतानाच तपासले तर निकाल फसवा, चांगला येऊ शकतो, कारण कमजोर पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात. म्हणून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते. त्या मुलाचेही तसेच झाले; दुसऱ्या वेळी दोष स्पष्ट निघाला. अशा रुग्णाला प्रायमाक्विन कधीच देता येत नाही असेही नाही. आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे.

दुसऱ्या वर्षी काय झाले

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण वाडीवर बातमी पसरली, 'गोळ्यांनी पोरगा मरता मरता वाचला.' पुढच्या पावसाळ्यात आरोग्य केंद्राची माणसे वाडीवर गेली, तेव्हा लोकांनी गोळ्या घेतल्या आणि त्यांची पाठ वळताच टाकून दिल्या. सप्टेंबरात त्याच वाडीवरची नऊ वर्षांची एक मुलगी चार दिवसांच्या तापानंतर झटके येत असताना माझ्याकडे आणली. रक्तात फॅल्सिपेरम. तीन दिवसांच्या ज्या गोळ्यांनी ती घरीच बरी झाली असती, त्या घरात आडोशाला तशाच पडून होत्या. आजी एवढेच म्हणाली, "भ्यालो आम्ही, डाक्टर."

मुलगी वाचली. पंधरा दिवस रुग्णालयात होती. पण त्या पंधरा दिवसांत मी एक हिशेब केला. मुलाच्या वेळी मी धोका सांगितला नाही, म्हणून गोळी त्याला बाधली. मुलीच्या वेळी लोकांना फक्त धोकाच ठाऊक होता, म्हणून गोळी पोटात गेलीच नाही. दोन्ही वेळा अपुरे सांगणे नडले. तेव्हापासून मी प्रायमाक्विन लिहिली की केसपेपरवर लाल शाईने दोन ओळी लिहितो आणि मोठ्याने वाचून दाखवतो : 'गोळी चौदा दिवस घ्यायची. लघवी काळी किंवा कोऱ्या चहासारखी झाली, तर गोळी त्याच क्षणी बंद आणि थेट दवाखान्यात.' वाचता न येणाऱ्यालाही चहाचा रंग समजतो.

इथे एक खुलासा. तापात पाणी कमी प्यायले की लघवी गडद पिवळी होतेच. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनेही ती पिवळीधमक होते. याला घाबरू नका. भरपूर पाणी प्यायल्यावरही ती तांबूस-काळपट राहिली, सोबत डोळे पिवळे, ओठ निळसर, धाप किंवा कमालीचा थकवा असला, तर मात्र एक तासही दवडू नका.

आणखी एक शंका नेहमी येते. या दोषाच्या माणसाने 'बीन्स' खाऊ नयेत असे कोणीतरी वाचलेले असते आणि मग पोपटी लावायची की नाही यावर घरात वाद होतो. तो त्रास होतो बाकल्याच्या दाण्याने. आपला वाल ही वेगळी जात आहे. पोपटी खुशाल लावा. डांबरगोळ्या मात्र अशा माणसाच्या कपड्यांत ठेवू नका, त्यांनीही पेशी फुटतात.

सुई हवी म्हणणाऱ्यांसाठी

आपल्याकडे "डॉक्टर, सुई मारा" हा आग्रह फार. साध्या हिवतापात, रुग्ण गोळी गिळू शकत असेल तर इंजेक्शनाची गरज नसते. क्लोरोक्विनच्या इंजेक्शनने लहान मुलांचा रक्तदाब एकदम कोसळून मृत्यू ओढवू शकतो. क्विनीन दंडात किंवा कुल्ल्यात टोचले तर तिथे गळू होते, कधी पायाची शीर दुखावून माणूस लंगडतो. क्विनीनने कानात घंटा वाजल्यासारखे होते, ऐकू कमी येते, आणि रक्तातली साखर उतरते. गरोदर बाईची तर जास्तच. गंभीर मलेरियात आज आर्टेसुनेटचे इंजेक्शन देतात. ते जीव वाचवणारे आहे. मात्र ते घेतलेल्या काही रुग्णांचे रक्त आठवड्यानंतर ते महिनाभरात पुन्हा कमी होते. म्हणून घरी आल्यावर "आता बरा झाला" म्हणून विसरू नका. महिनाभर दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासून घ्या.

फॅल्सिपेरमच्या जोडगोळीत महाराष्ट्रात सल्फा गटातले औषध असते. ज्याला पूर्वी सल्फाच्या गोळीने अंगावर फोड, तोंडात छाले आले असतील, त्याने ते आधी सांगितलेच पाहिजे. ती ॲलर्जी दुसऱ्यांदा जिवावर बेतू शकते.

नोकरीसाठी आफ्रिकेत जाणाऱ्या तरुणांना हिवताप होऊ नये म्हणून आठवड्याला एक मेफ्लोक्विनची गोळी देतात. तिने काहींना भयानक स्वप्ने पडतात, विनाकारण धास्ती वाटते, तोल जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली तिच्या वेष्टनावर कडक इशारा छापायला लावला. फिट्स किंवा मानसिक आजार झालेल्याने ही गोळी घेऊ नये; त्याला दुसरे औषध मिळते.

२०२०चा धडा

मलेरियाच्या गोळीची भीती कशी एका रात्रीत नाहीशी होते, तेही आपण पाहिले आहे. मार्च २०२०मध्ये कोरोना आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोरोना रुग्णांच्या संपर्कातले आरोग्य कर्मचारी आणि घरातली माणसे यांच्यासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवले. ही क्लोरोक्विनचीच बहीण. बातमी आली आणि एरवी अर्ध्या गोळीला भिणारी माणसे पाकिटेच्या पाकिटे मागू लागली. २६ मार्चला केंद्र सरकारला ती चिठ्ठीशिवाय विकण्यावर कडक निर्बंध घालावे लागले. एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेने धारावी-वरळीच्या वस्त्यांत ती प्रतिबंधक म्हणून देण्याचे ठरवले होते, पण तो बेत पुढे थांबला. जून २०२०मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत ही गोळी कोरोनाच्या रुग्णांना वाचवत नाही असे स्पष्ट झाले.

त्या दिवसांत माझ्याकडची संधिवाताची एक जुनी रुग्ण ज्या गोळीवर चालते-फिरते ती हीच. तिचा नवरा टाळेबंदीत खोपोलीपासून कर्जतपर्यंत दुकाने पालथी घालून रिकाम्या हाताने परतला. ज्यांना गरज नव्हती त्यांच्या कपाटात गोळ्या पडून होत्या. त्यांतल्या काहींनी अझिथ्रोमायसिनसोबत त्या घेतल्याही होत्या. या दोन्हींनी मिळून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

जाता जाता : संधिवात किंवा ल्युपससाठी ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. मलेरियाच्या तीन दिवसांच्या डोसाने डोळे जात नाहीत. ती भीती मनातून काढून टाका.

गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना हे सांगा

१. स्वतःला, सख्ख्या भावांना किंवा मामाला कोणत्याही औषधाने कावीळ झाली, रक्त कमी झाले किंवा लघवी काळी झाली होती का.

२. पाळी चुकली आहे का, बाळ अंगावर पिते का. गरोदरपणात प्रायमाक्विन देत नाहीत; एक वर्षाखालच्या बाळालाही देत नाहीत. पण गरोदर बाईला मलेरिया इतरांहून जास्त घातक असतो, तेव्हा तिने उपचार टाळू नये. तिच्यासाठी वेगळी औषधे आहेत.

३. हृदयाचा आजार, फिट्स, मानसिक आजार, सोरायसिस आहे का. मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत.

४. सल्फाची ॲलर्जी आहे का.

५. शेजाऱ्याच्या, जुन्या किंवा उरलेल्या गोळ्या आधी घेतल्या आहेत का. हे लपवू नका. दोन डोस एकमेकांवर चढले तर ते विष ठरते.

आणि डॉक्टर घाईत असले तरी एक प्रश्न तुम्ही अवश्य विचारा : "काय झालं तर ही गोळी बंद करायची?" याचे उत्तर घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तो तुमचा हक्क आहे. आम्हा डॉक्टरांनाही त्या प्रश्नाची गरज आहे, हे मी स्वानुभवाने सांगतो.

तो ठाकूरवाडीचा मुलगा आज तिशीकडे झुकला आहे. दोन मुलांचा बाप आहे. मी दिलेले एक पुठ्ठ्याचे कार्ड त्याने पाकिटात जपून ठेवले आहे. त्यावर 'प्रायमाक्विन देऊ नये' असे लिहिले आहे आणि खाली माझी सही. गेल्या वर्षी वाडीवर ताप आला, तेव्हा आशाताईसोबत घरोघर फिरून "घ्या गोळी, पण लघवीकडे बघा" असे सांगत होता तो हाच. त्याचे ऐकून लोकांनी गोळ्या घेतल्या.